दुधाची दाढ पडणारच, पण केव्हा?

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू होते. शाळेतल्या आरोग्य तपासणीत मिळालेली चिठ्ठी दप्तरातून घरी पोहोचते, तेव्हा घरातली मोठी माणसे बांधीत चिखलात उभी असतात. चिठ्ठीवर लिहिलेले असते, ‘दात किडले आहेत, रुग्णालयात दाखवावे.’ दुसरीतल्या मुलीची वरची दाढ किडली आहे. गार पाणी लागते, कधी रात्री रडते. पण ताप नाही, जेवते, खेळते. रोवणीची मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार? रोवणी संपते, निंदण होते, पोळा जातो. मग एका सकाळी गाल सुजलेला दिसतो आणि आई तिला घेऊन एसटीत बसते. दवाखान्यात तिची विनंती एकच असते : काढून टाका डॉक्टरसाहेब, दुधाचीच तर आहे. दाढ निघते, दुखणे थांबते आणि सगळेच सुटकेचा श्वास सोडतात.

पाच वर्षांनी हीच मुलगी सातवीत असते. तिचा वरचा सुळा रांगेत न येता हिरडीत उंचावर, ओठाला टेकून उगवलेला असतो. वर्गात तिला नाव पडलेले असते. हसताना ती तोंडावर हात धरते. घरचे म्हणतात, आजीचे दातही असेच होते. कदाचित असतीलही. पण दुसरीत काढलेल्या त्या दाढेची आठवण तोवर कोणालाच राहिलेली नसते आणि त्या दोन गोष्टींचा संबंधही कोणी जोडत नाही.

तो संबंध समजून घ्यायचा तर मुलाच्या तोंडात सहा ते बारा या वयात काय घडते, ते पाहावे लागते. दुधाचे दात एकूण वीस. साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत ते येतात. सहाव्या वर्षाच्या आसपास खालचे समोरचे दात हलू लागतात. पहिला दात पडला की घरात कौतुक होते. कोणी तो कौलावर टाकते, कोणी उंदराच्या बिळात. या कौतुकात त्याच सुमारास घडणारी त्याहून मोठी गोष्ट निसटून जाते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कोणताही दात न पडता, चारही कोपऱ्यांत एकेक नवी दाढ हिरडीतून वर येते. ही कायमची पहिली दाढ. तिच्या जागी आधी काही नव्हते, त्यामुळे तिचे येणे कोणाच्या लक्षात येत नाही आणि ती दुधाचीच समजली जाते. मग ती किडली, तरी ‘पडेल आपोआप’ म्हणून वाट पाहिली जाते. ती पडत नाही. ती आयुष्यभराची असते.

अमेरिकेतले दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वेड्यावाकड्या दातांची जी वर्गवारी केली, तिचा पाया ही दाढच होती. वरची आणि खालची पहिली दाढ एकमेकींत कशी बसते, यावरून सगळा चावा कसा आहे हे ते ठरवत. सव्वाशे वर्षांनंतरही जगभरचे दंतव्यंगोपचारतज्ज्ञ तपासणीची सुरुवात तिथूनच करतात. घर बांधताना कोपऱ्याचा खांब जिथे उभा राहतो, तिथून भिंतीची ओळ धरतात, तसेच हे.

आता हा खांब सरकला तर? नवी दाढ हाडात येत असताना तिचा कल पुढच्या बाजूला असतो. तिला जागेवर थोपवून धरते ती तिच्या पुढची दुधाची दाढ. दुधाच्या दाढेचे काम फक्त चावण्याचे नाही. खालून येणाऱ्या कायमच्या उपदाढेसाठी ती जागा धरून बसलेली असते. निसर्गाने त्यातही थोडी ऐसपैस सोय करून ठेवली आहे. दुधाचा सुळा आणि दोन दाढा मिळून जेवढी रुंदी व्यापतात, त्यापेक्षा त्यांच्या जागी येणारे तीन कायमचे दात थोडे अरुंद असतात. वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सुमारे ०.९ मिलिमीटर आणि खालच्या जबड्यात सुमारे १.७ मिलिमीटर जागा उरते. एवढीशी ही शिल्लक; पण गर्दीने आलेले दात रांगेत बसतात ते पुष्कळदा याच शिलकीवर. दुधाची दुसरी दाढ साधारण दहा ते बारा या वयात पडायची असते. ती सातव्या वर्षी काढली, तर मागची मोठी दाढ काही महिन्यांतच पुढे सरकते. शिल्लक तर जातेच, मुद्दलही जाते. वरच्या जबड्यात सुळा सर्वांत उशिरा, अकरा-बाराव्या वर्षी येतो. तोवर सगळ्या जागा भरलेल्या असतात आणि तो मिळेल तिथून डोके वर काढतो.

प्रत्येक वाकड्या दाताचे कारण किडलेली दाढ असते, असे मात्र नाही. जबडा लहान आणि दात मोठे हे आनुवंशिक असू शकते, खालचा जबडा मुळातच पुढे किंवा मागे असू शकतो. अशा मुलांना पुढे तज्ज्ञ लागतोच. पण जी गर्दी टाळता आली असती, तिचा मोठा वाटा या अवेळी गेलेल्या दुधाच्या दाढांकडे जातो. आणि कीड किती सर्वदूर आहे, हे नवे नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या ५१.९ टक्के आणि बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांत दात किडलेले आढळले होते. पाच वर्षांचे मूल म्हणजे अजून सगळे दात दुधाचेच असलेले मूल. त्यानंतर पाच रुपयांचे पुडे आणि चहात बुडवायची बिस्किटे सालेकसा-देवरीच्या आडवळणाच्या दुकानांपर्यंत पोहोचली आहेत, हेही लक्षात घ्यायला हवे.

तपासणी होत नाही, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तोच महाराष्ट्रातून, फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा वैद्यकीय पथक येते. जन्मजात व्यंगापासून विकासातील विलंबापर्यंत तीस बाबी त्यांनी पाहायच्या असतात. हृदयाचा जन्मदोष, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल अशी किती तरी मुले या पथकांमुळे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचली. या तीस बाबींत दातांचे विकार ही एक बाब आहे. एका दिवसात शाळाभर मुले पाहायची असताना या बाबीचा अर्थ ‘कीड आहे की नाही’ एवढाच उरतो, हे समजण्यासारखे आहे.

पण अडचण वेळेची आहे त्याहून पद्धतीची आहे. डॉक्टर मुलाला ‘आ’ करायला सांगतात. तोंड उघडते, टॉर्चच्या उजेडात काळे खड्डे दिसतात, नोंद होते. दातांचा मेळ मात्र तोंड उघडल्यावर दिसतच नाही. तो दिसतो दात मिटल्यावर. ‘मागच्या दाढांवर चाव आणि ई म्हण,’ एवढे सांगून बोटाने ओठ बाजूला केले, तर दहा सेकंदांत बरेच कळते. वरचे समोरचे दात खालच्या दातांच्या पुढे आहेत की एखादा आत अडकला आहे? दोन्ही बाजूंच्या दाढा मिळतात की तोंड मिटताना हनुवटी एका बाजूला सरकते? दाढा मिटल्या तरी समोर फट उरते का? मग एकदा ‘आ’ : सहा वर्षांची दाढ आली आहे का, आली असेल तर तिच्या खाचा काळ्या आहेत का, आणि दुधाची एखादी दाढ वयाआधीच गायब आहे का. यासाठी ना खुर्ची लागते ना क्ष-किरण. लागतो तो वर्गाच्या दारातला उजेड आणि नोंदवहीत दोन जास्तीचे रकाने.

अमेरिकेतली दंतव्यंगोपचारतज्ज्ञांची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी, असे सुचवते. आपल्या हिशेबाने ती दुसरी इयत्ता. या वयात प्रत्येकाला तारा बसवायच्या म्हणून ही सूचना नाही. बहुतेक मुलांना या वयात काहीच करायचे नसते. पण जी थोडी मुले आज छोट्या उपायाने सुटतील, ती याच वयात ओळखता येतात. वरचा एखादा समोरचा दात खालच्या दाताच्या आत अडकून बसला असेल, तर प्रत्येक घासाला तो खालच्या दातावर आपटतो. त्या दाताचे आवरण झिजते आणि खालच्या दाताची हिरडी खाली उतरते. आठव्या वर्षी साध्या काढता-घालता येणाऱ्या प्लेटने असा दात बहुधा काही आठवड्यांत बाहेर येतो. वरचा जबडा अरुंद असल्यामुळे हनुवटी एका बाजूला सरकवूनच चावणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष झाले, तर चेहऱ्याची वाढही एका बाजूला कलण्याची शक्यता असते.

दुसऱ्या बाजूला, ज्याची काळजी करू नये त्याचीच पालक फार करतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन दातांत फट पडते, दात पंख्यासारखे बाहेर फाकतात, चेहरा बिघडल्यासारखा वाटतो. इंग्रजीत या टप्प्याला कुरूप बदकपिल्लाचे नाव आहे. हाडात वर असलेले सुळे खाली उतरताना बाजूच्या दातांच्या मुळांवर दाब देतात, म्हणून ही फट पडते. सुळे जागेवर आले की ती बहुतेकदा आपोआप मिटते. या वयात फट मिटवायला घाईने रबर चढवणे किंवा ताराच लावा म्हणून भरीस घालणे, दोन्ही चूक. दातांवर रबर नुसते अडकवले तर ते मुळांकडे सरकत जाऊन चांगले दात गमावण्याची वेळ येऊ शकते. तसेच खालच्या दुधाच्या दातांमागे नवे दात उगवून दुहेरी रांग दिसते. आईवडील घाबरतात. दुधाचा दात हलत असेल तर मुलाला तो हलवू द्यावा, काकडी-गाजर चावू द्यावे. तो पडला की जिभेच्या दाबाने मागचा दात पुढे येतो. दुधाचा दात घट्टच राहिला, किंवा अशी दुहेरी रांग वरच्या जबड्यात दिसली, तर मात्र दाखवावे. आणखी एक साधी खूण पालकांना उपयोगी पडेल. दात जोडीने येतात. एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच दाताचा पत्ता नसेल, तर कारण शोधायला हवे.

सवयींचाही यात हात असतो. अंगठा चोखणे चार वर्षांपर्यंत सहसा मनावर घेऊ नये. कायमचे समोरचे दात येण्याच्या वेळीही ती सवय सुरू असेल, तर वरचे दात पुढे येतात आणि समोर फट राहते. अंगठ्याला मिरची लावणे आणि चारचौघांत हिणवणे यांनी सवय लपते, सुटत नाही. सतत तोंडाने श्वास घेणारे, रात्री घोरणारे मूल दिसले, तर आधी नाक आणि घशामागच्या गाठी तपासायला हव्यात. तिथला अडथळा तसाच ठेवून नुसते दात सरळ करणे म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसत बसणे. पुढे आलेल्या दातांचा धोका केवळ दिसण्याचा नाही. खेळताना, हापशीवर पाणी पिताना, सायकलवरून पडताना हेच दात आधी तुटतात. कायमचा दात मुळासकट निघून पडला, तर तो मुळाला न धरता उचलून दुधात ठेवावा आणि तासाभरात दंतवैद्य गाठावा. तो पुन्हा रुजू शकतो. ही गोष्ट प्रत्येक क्रीडाशिक्षकाला ठाऊक असायला हवी.

गोंदियाच्या संदर्भात एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. पूर्व विदर्भातल्या या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात रक्तपेशी लवकर नष्ट होतात. ती तूट भरून काढण्यासाठी अस्थिमज्जा जास्त काम करते आणि काही मुलांत वरच्या जबड्याचे हाड वाढून वरचे दात पुढे येतात. दात उशिरा येण्याचेही प्रमाण अशा मुलांत जास्त दिसते. त्याहून गंभीर म्हणजे, किडलेल्या दाढेतला जंतुसंसर्ग त्यांच्यात तीव्र वेदनांच्या झटक्याचे निमित्त ठरू शकतो. दाढ काढायला मनाई नाही. पण मूल पाण्याविना आणि उपाशी ताटकळत राहू नये आणि दंतवैद्याला आजार आधी सांगितलेला असावा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत गावोगाव रक्ततपासणी होते. ज्या मुलाचा अहवाल आजाराचा येतो, त्याच्या कागदावर ‘दंततपासणी’ ही एक नोंद वाढवणे अवघड नाही. इथे किडीची वाट न पाहता दाढा आधीच राखायला हव्यात.

राखायच्या कशा? सुरुवात अर्थात घरातून. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. धानाच्या जिल्ह्यात हे माप कोणाला शिकवावे लागणार नाही. रात्री झोपण्याआधी घासणे सकाळपेक्षा महत्त्वाचे, आणि सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी हात धरून घासायला हवे. गुडाखू घासणाऱ्या घरात मुलाच्या हाती तीच डबी पडते, ती पडू नये. सहा वर्षांची दाढ आली की तिच्या खाचा पातळ लेपाने बंद करता येतात; न दुखता, सुई न टोचता. दुधाची दाढ किडली तरी ती काढणे हा पहिला उपाय नसतो. खड्डा लहान असेल तर भरता येतो, खोल असेल तर दाढेच्या आतला संसर्ग साफ करून वर स्टीलची टोपी बसवता येते. जिथे यंत्र नाही, वीज नाही, तिथेही सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब ब्रशने लावून कीड बऱ्याचदा थोपवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या औषधाचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. त्याने किडलेला भाग काळा पडतो, हे पालकांना आधी सांगायला हवे. पण दुधाच्या काळ्या दाढेने जागा राखली, तर तेवढी शोभा गेलेली चालते.

आणि दाढ काढावीच लागली, तर गोष्ट तिथे संपत नाही. शेजारच्या दाढेला धातूची कडी बसवून तिच्या पुढे एक छोटी तार वळवतात. या साधनाला जागा-राखणी म्हणा, दंतवैद्य स्पेस मेंटेनर म्हणतात. ते दात सरळ करत नाही. मागच्या दाढेला पुढे येऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. त्याला फार सामान लागत नाही. मात्र दर सहा महिन्यांनी ते पाहावे लागते आणि नवी उपदाढ वर आली की काढावे लागते. दाढ काढल्याच्या कागदावर ‘जागा राखण्यासाठी पुन्हा बोलावले’ हे वाक्य नसेल, तर ते उपचार अर्धे राहिले असे समजायला हरकत नाही. सरकारी दवाखान्यात दाढ काढणे सर्वत्र होते. जागा राखणे मात्र मागितल्याशिवाय क्वचितच होते, आणि मागायचे असते हे पालकांना कोणी सांगितलेले नसते.

हे झाले नाही, तर पुढचा रस्ता नागपूरचा आहे. सरळ दातांसाठी कायमच्या तारांचे उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतात आणि दर महिन्याला यावे लागते. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ते खासगीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. पण गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, आणि अर्जुनी मोरगाव किंवा सालेकसा तालुक्यातल्या गावातून आधी स्टेशन गाठायचे. मुलाची शाळा, आईबापांपैकी एकाची मजुरी आणि दिवसभराचे जेवण, असे वीसेक वेळा. काही कुटुंबे हे करतात. बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर थांबतात आणि अर्धवट हललेले दात पुन्हा जागा शोधू लागतात.

आश्रमशाळांतल्या मुलांचा प्रश्न याहून बिकट आहे. देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या शाळांत मूल पहिलीपासून घराबाहेर असते. कोणता दात केव्हा पडला, हे सांगायला आई जवळ नसते. चिठ्ठी कोणाच्या हातात द्यायची, हेही निश्चित नसते. तिथे अधीक्षक हेच पालक. मुलाच्या उंची-वजनाची नोंद जशी ठेवली जाते, तशी दात पडल्याची आणि काढल्याची तारीख ठेवली, तरी पुढे येणाऱ्या डॉक्टरला अर्धे उत्तर मिळेल. एरवी सर्व मुलांना एका ठिकाणी पाहता येणे ही या शाळांची सोय आहे. एक दंतपथक तीन दिवस मुक्कामी राहिले, तर एका शाळेतले भरणे, लेप आणि जागा-राखणीची मापे एवढे काम उरकू शकते.

शेवटी प्रश्न वेळापत्रकाचा येतो. रोवणीच्या दिवसांत दिलेली चिठ्ठी कोणी पाळत नाही, हा निष्काळजीपणा नव्हे, हिशेब आहे. एका दिवसाची रोवणी चुकली तर ती परत येत नाही. दाढ उद्याही दुखेल. मग शाळांच्या भेटी पावसाळ्यात झाल्या तरी दातांची पुढची तारीख डिसेंबर-जानेवारीची का देऊ नये? धान कापून, मळून विक्रीला गेलेले असते, हातात थोडे पैसे असतात आणि रब्बीचे पाणी नसलेल्या गावांत कामही कमी असते. दुखणाऱ्या, सुजलेल्या दाढेला थांबवता येणार नाही. तिला त्याच आठवड्यात पाठवायला हवे. पण लेप, भरणे, प्लेट, जागा-राखणी यांना पाच महिन्यांचा धीर बहुधा धरता येतो. तालुक्याच्या दंतवैद्याकडे डिसेंबरातले आठ दिवस फक्त पहिली ते चौथीच्या मुलांसाठी राखून ठेवले आणि त्याची तारीख जुलैतल्या चिठ्ठीवरच छापली, तर नवा निधी किंवा नवे पद मागण्याआधी हातात असलेल्याच खुर्चीवर किती मुले बसतात, हे एका वर्षात मोजता येईल.